पूर्ण एक मिनिट

दिवे गेले तेव्हा आठाला पाच मिनिटं कमी होती. बचावकार्याच्या प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. दिवसभर दोर आणि शिड्यांशी झुंजून सहा पोरं-पोरी गोदामाच्या पायरीवर पाय पसरून बसली होती. समोर खुर्चीवर शिट्टीकाका. पथकात तीस वर्षं काढून निवृत्त झाले, तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती.

"काका, ते एक मिनिटाचं मला पटत नाही," वकीलबाई म्हणाली. हे नाव तिला पहिल्याच दिवशी चिकटलं होतं. "पाइपावर तीन ठोके द्यायचे आणि पूर्ण एक मिनिट मुक्यासारखं उभं राहायचं. ढिगाऱ्यात माणूस असेल तर लगेच उत्तर देईल ना? कारण सांगा. 'आम्ही असंच करत आलो' हे कारण नाही."

"बाई, जेवण तरी जिरू दे," काका हसले. मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. अकरा वर्षं झाली. खोटी वाटली तर उद्या मला दोराला उलटा टांगा."

आणि ते सांगू लागले.

भूकंपानंतरची बाविसावी रात्र होती. आठ वाजून दहा मिनिटं. पथकातला रंगारी जेवून हात धुवत होता, तेवढ्यात त्याला आठवलं, आपला ढिगारा उचलायचा जॅक पाचव्या दिवसापासून गल्लीतल्या शेवटच्या घरात जिन्याखालीच राहिलाय. सकाळी सहाला ते घर पाडायला यंत्र येणार होतं. एकट्याने जायचं नाही असा नियम होता. पण तंबू ते घर, चालत पाच मिनिटं. मोबाइल चार्जिंगला लावलेला. तो तसाच ठेवून, विजेरी घेऊन रंगारी निघाला.

खरा रंगारी नव्हे हं. तपासून झालेल्या घराच्या दारावर खूण करायचं काम त्याच्याकडे, म्हणून ते नाव. पांढऱ्या रंगाचा गोल, मधे आडवी रेघ. रेघेच्या वर जिवंत सापडलेल्यांचा आकडा, खाली मेलेल्यांचा. खूण झाली की त्या घराकडे पुन्हा कुणी बघायचं नाही.

त्या शेवटच्या घरावर त्यानेच पाचव्या दिवशी संध्याकाळी खूण केली होती. घर पुढून धड, मागून पार बसलेलं. घरमालक म्हणाला होता, आमची सगळी माणसं बाहेर आहेत. मागच्या खोलीत दवाखान्यातली एक आया भाड्याने राहते, पण त्या रात्री तिची रात्रपाळी होती. तरी पथकप्रमुखाने शिट्टी वाजवली. एक लांब शिट्टी म्हणजे यंत्रं बंद, तोंडं बंद. नळाच्या पाइपावर तीन ठोके दिले. सगळ्यांनी कान टवकारले. अंधारून आलं होतं, पाच दिवस कुणाची पाठ जमिनीला लागली नव्हती. अर्ध्या मिनिटात दोन आखूड शिट्ट्या झाल्या. संपलं, चला. रंगाऱ्याने वर शून्य काढलं, खाली शून्य काढलं.

तर बाविसाव्या रात्री तो त्या दारातून आत गेला. जॅक सापडला. उचलायला वाकला... आणि जमीन हलली.

लहानसाच धक्का. पण दाराची चौकट वाकडी झाली, दार धाडकन लागलं ते गच्च बसलं. जिन्याच्या दोन पायऱ्या खाली आल्या. डावा पाय अडकला. उजवा हात खांद्यापासून दाबला गेला. विजेरी फुटली. तोंडात नुसती धूळ.

ओरडून बघितलं. आवाज घशाबाहेर येईना. पण नळाचा पाइप डाव्या हाताशी होता. त्याने चाचपडून दगड उचलला आणि पाइपावर तीन ठोके दिले.

मागून उत्तर आलं. तीन ठोके.

त्याला रडूच फुटलं. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा तीन.

"कोण आहे?" तो कसाबसा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बाहेर जा... पथकाला सांगा..."

काही नाही.

"अहो..."

तीन ठोके. मागच्या खोलीतून.

मागच्या खोलीतून? तिथलं छप्पर जमिनीला टेकलं होतं. मांजर शिरायला जागा नव्हती. त्याच्या हातातला दगड गळून पडला.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. चार-पाच जणांची. आणि लांब शिट्टी.

जिवात जीव आला. आपलीच माणसं! सगळं शांत झालं. पाइपावर तीन ठोके पडले.

आता उत्तर द्यायचं.

दगड कुठाय?

तो चाचपडू लागला. विटांचा चुरा. जॅकचा दांडा, पण तो हलेना. पुन्हा चुरा. बोटं सोलवटली. सापडला... निसटला. पुन्हा सापडला. मुठीत आला. हात उचलला...

दोन आखूड शिट्ट्या.

"नाही..."

दाराबाहेर रंगाचा स्प्रेचा डबा हलवल्याचा आवाज आला. खडखड, खडखड. मग फस्स... त्या आवाजावरून त्याला सगळं दिसत होतं. गोल. आडवी रेघ. वर शून्य. खाली शून्य.

पावलं निघून गेली.

तो वेड्यासारखा ठोकत राहिला. तीन, तीन, तीन. कुणी आलं नाही. आणि मागच्या खोलीतून, त्याच्या प्रत्येक तीन ठोक्यांना... तीन.

रात्रभर.

सकाळी सहाला यंत्रवाला आला. त्याने इंजिन सुरू करण्याआधी पाणी प्यायला बाटली उघडली, म्हणून त्याला ऐकू गेलं. ठोके दोन ठिकाणांहून येत होते. त्याने पथकाला हाक मारली. साखळी लावून दार बाहेर ओढलं. ते पडलं ते आतली बाजू वर करून.

आतल्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पांढरी खूण होती. वर एक. खाली एक.

रंग ओला होता. डबा गोदामात कुलपात, किल्ली प्रमुखाच्या खिशात. आणि रात्री त्या गल्लीत पथकातलं कुणीही गेलं नव्हतं.

रंगाऱ्याला बाहेर काढलं तेव्हा तो एकच बोलला, "मागची खोली खणा."

खणली. आया तिथेच होती. रात्रपाळीवरून ती लवकर घरी आली होती. दवाखान्याला वाटलं घरी सुखरूप असेल, घरमालकाला वाटलं दवाखान्यात असेल. कुठल्याच यादीत तिचं नाव नाही. कुशीत पाण्याची रिकामी बाटली. डॉक्टर म्हणाले, सहा दिवस तरी जगली असणार. आणि मुठीत दगड...

काका थांबले.

"दगड शोधायला वेळ लागतो, बाई," ते हळूच म्हणाले. "म्हणून पूर्ण मिनिट."

वकीलबाई त्यांच्याकडे बघत होती. अंधारात चेहरा दिसत नव्हता, फक्त शिट्टी चमकत होती.

"काका, तेव्हा पथकप्रमुख कोण होतं?"

काकांनी दोरी बोटावरून सोडली. पुन्हा गुंडाळली. "ते दार आत आहे," एवढंच म्हणाले. "जाळायला काढलं होतं. मी आणलं."

ती उठली. विजेरी घेऊन गोदामात शिरली, मागोमाग बाकीचे, सगळ्यांत शेवटी काका. दार भिंतीला टेकवलेलं होतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर खूण. रंगाचे पोपडे सुटलेले, धूळ बसलेली.

तिने खाली बसून त्या खुणेवर बोटांनी तीन ठोके दिले आणि घड्याळाकडे बघितलं.

दहा सेकंद. वीस. एका पोराने खुदकन हसून घेतलं. तिने हात वर केला, तो गप्प झाला. तीस... काहीच नाही. चाळीस...

काकांचा हात शिट्टीकडे गेला. "पुरे झालं, चला."

"काका," ती मागे न बघता म्हणाली, "अजून वीस सेकंद."

हात खाली आला.

पन्नास... पंचावन्न... साठ.

काहीही वाजलं नाही. सगळ्यांनी श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, छान घाबरवलंत हं काका. तेवढ्यात दिवे आले, आणि कपाळावरचे केस मागे सारायला वकीलबाईने हात वर नेला.

चारही बोटांची पेरं पांढरी झाली होती. रंग ओला होता.