उसने डोळे

पटत नसेल तर बारामतीला या, चित्र अजून तिथंच आहे. ज्ञानदेव माझा सख्खा मावसभाऊ. त्याला थापा मारता येत नाहीत. येत असत्या तर चित्रकार म्हणून कधीच मोठा झाला असता!

गोष्ट रात्रीची नाही. गेल्या मे महिन्यातली, भर दुपारची.

ज्ञानदेव फोटोवरून गेलेल्या माणसांची तैलचित्रं काढतो. डोळे सगळ्यात शेवटी. वरकुट्याचे सोनबा तात्या बायकोचा, कुशीचा, फोटो घेऊन आले. मतदान कार्डावरचा. डोळ्यांच्या जागी नुसते काळे ठिपके. वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलेलं.

समोर मावशी, म्हणजे ज्ञानदेवाची आई, मेथी निवडत बसली होती. त्यानं तिचेच डोळे बघून काढले. एवढ्यानं काय बिघडतंय?

चित्र गेलं. श्राद्धाच्या दुपारी मावशी जेवता जेवता थांबली.

"ज्ञानू... माज्या गळ्यात काय घातलंस रं? झेंडूचा वास येतोय."

तिच्या गळ्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी... तिला दिसायचं बंद झालं.

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत.

"अंधार न्हाय, पोरा," मावशी म्हणाली. "भिंत हाय. पार नाकाला लागंल एवढी जवळ."

ज्ञानदेवानं गाडी काढली ती थेट वरकुट्याला.

सोनबांच्या घरात चित्र होतं... भिंतीकडं तोंड करून.

"श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीच उलटं केलं," सोनबा ओशाळून म्हणाले. "नजर आमच्या कुशीची न्हाय. सून भ्याली."

ज्ञानदेवानं चित्र फिरवलं. त्या डोळ्यांकडं बघून त्याला रडू फुटलं.

तेवढ्यात फोन वाजला. बायको, मेघना.

"अहो, आईंना दिसतंय! पण... तुम्हीच दिसताय म्हणतात. तुम्ही रडताय का?"

चित्र त्यानं घरी आणलं. आता ते स्वयंपाकघरात असतं. मावशीला नातीचं तोंड बघायचं असलं, की नात चित्रासमोर उभी राहते. पुण्यातल्या प्रदर्शनासाठी काढलेली सोळा चित्रं पडून आहेत. एकालाही डोळे नाहीत. ज्ञानदेवाचा हातच धजत नाही.

गेल्या रविवारी मी गेलो. चित्रासमोर उभा राहिलो. मागं खाटेवर बसलेली मावशी हसली.

"वाळलास की रं!"

मग तिनं कपाळाला आठी घातली.

"तुज्यासंगं आल्यात त्या बाई कोण? तुज्या खांद्यामागं उभ्या हायत... डोळ्यांच्या जागी नुसतं काळं हाय."

मी एकटाच गेलो होतो.

मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. अजून होत नाही.