सरूची खडी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझे सख्खे काका, विलासकाका, स्वतः तिथे होते. ते अजून आहेत, पिंपरीतच राहतात. भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. तरी ही एक गोष्ट निघाली की ते हसत नाहीत.

साल १९७६. डिसेंबर महिना. जागा, कुरुळीच्या पुढे ओढ्यापलीकडची एक वाडी.

आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपार होती.

काका तेव्हा एका कंपनीत फिटर होते. आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळाने रजा टाकून त्या वाडीत श्रमदानाचं शिबिर घेतलं होतं. वाडीला रस्ताच नव्हता. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून हमरस्त्यापर्यंत न्यावं लागायचं. बाळंतिणी वाटेतच दगावल्या होत्या. म्हणून रस्ता करायचं ठरलं. मुक्काम शाळेत. स्वयंपाक वाडीतली भिमाबाई करायची.

खडी जवळच्या जुन्या खाणीतून आणायची होती. बहात्तरच्या दुष्काळात तिथे सरकारी काम चालायचं. तेव्हाचा मुकादम दौलतराव आता वाडीचा पुढारी झाला होता. गळ्यात अजून मुकादमकीची शिट्टी. आमच्या पोरांनाही तो त्या शिट्टीवरच हाकायचा.

पहिल्याच दिवशी भिमाबाईने काकांना बाजूला घेतलं.

"भाऊ, दगड कुठूनबी आना. त्या खानीतला नको."

"का हो मावशी?"

"माझी धाकली जाऊ हाय तिथं. सरू."

काकांना वाटलं, जाऊ खाणीत कामाला असेल. खाण तर कधीच बंद पडलेली. मग ते विसरून गेले.

दुपारी सगळे लिंबाखाली जेवायला बसले. खाणीत कोणी नव्हतं.

आणि...

टक्... टक्... टक्...

कोणीतरी खडी फोडत होतं.

काकांनी पंगतीवर नजर फिरवली. सगळे तिथेच होते. ते उठून खाणीत गेले. आवाज थांबला नाही. अगदी शेजारून येत होता, दोन हातांवरून. पण हातोडी नाही, माणूस नाही. फक्त खडीचा छोटा ढीग. सकाळी नसलेला.

काकांनी एक दगड उचलला.

तो गरम होता.

मग रोज दुपारी तेच. ढीग रोज मोठा. निम्मी पोरं काहीबाही कारणं सांगून घरी गेली. शेवटी काका भिमाबाईच्या चुलीपाशी जाऊन बसले. तिने भाकरी थापता थापता सांगितलं.

दुष्काळी कामावर असताना दौलतराव सरूच्या मागे लागला होता. एक दिवस तिने सगळ्यांदेखत त्याच्या तोंडात भडकावली. दुसऱ्या दिवशी खाणीत सुरुंग होता. सुरुंग उडवण्याआधी मुकादम शिट्टी वाजवायचा, मग माणसं बाहेर पळायची. त्या दिवशी बाकीच्यांना त्याने आधीच बाहेर काढलं. सरूला मात्र राहिलेली खडीची पाटी आणायला म्हणून एकटीलाच आत पाठवलं.

"शिट्टी वाजलीच न्हाई," भिमाबाई म्हणाली. "पोलिसाला म्हनला, वाजवली व्हती, तिलाच आयकू आली न्हाई. दरड कोसळली तिच्यावर. खालनं तिला कुनी काढलीबी न्हाई."

 म्हणजे इतके दिवस काका तिच्यावरूनच चालत होते.

सकाळी त्यांनी दौलतरावला सांगितलं, ही खाण आता नको. दुपारी तो तणतणतच आला. तेव्हा आत आवाज चालू होता. टक्... टक्...

त्याचं पाऊल खाणीच्या तोंडाशी पडलं...

आणि आवाज थांबला.

माणूस आल्यावर तो थांबायची इतक्या दिवसांतली ही पहिलीच वेळ.

"कुठाय आवाज?" दौलतराव हसला. "काम बुडवायला कारनं हुडकताय व्हय रं?"

"दौलतराव, आत जाऊ नका," काका म्हणाले.

तो ऐकणारा नव्हता. शिव्या घालत आत गेला आणि कडेच्या दगडांआड दिसेनासा झाला.

थोडा वेळ काहीच नाही. झाडावरचे कावळेसुद्धा गप्प.

मग शिट्टी वाजली.

एकदा. परत एकदा. मग वाजतच राहिली... माणूस जीव तोडून फुंकत असावा तशी. मग ती बारीक होत गेली...

आणि बंद झाली.

काका आणि पोरं आत धावली. दौलतराव कुठेच नव्हता. मधोमध पुरुषभर उंचीचा खडीचा ढीग होता. त्याच्या कडेला एक वहाण.

त्यांनी फावड्यांनी, हातांनी उपसायला सुरुवात केली. दौलतराव तळाशी सापडला. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. शिट्टी दातांत घट्ट धरलेली. नाक आणि तोंड बारीक खडीने गच्च भरलेलं, कोणी हाताने ठासल्यासारखं.

दरड कोसळून मृत्यू, असं पोलिसांनी लिहून घेतलं. काकांनी खाणीच्या भिंती नीट पाहिल्या होत्या. कुठेही नवीन भेग नव्हती.

भिमाबाई आली. बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली. रडली नाही. मग काकांना एवढंच म्हणाली,

"निम्मंच झालं."

"म्हणजे?"

"ह्यानं शिट्टी वाजवली न्हाई. पन सुरुंगाची वात दुसऱ्यानं पेटवली. सरू आत हाय, त्याला ठावं व्हतं."

"कुठे आहे तो?"

"पिंपरीला. कंपनीत लागलाय. तुमच्यातच कुठंतरी."

काकांनी दुसरीकडून दगड आणून रस्ता पुरा केला आणि पिंपरीला परतले. पुढे कित्येक वर्षं शिफ्टला कुरुळीकडचा कोणी नवा माणूस दिसला की ते त्याच्याशी बोलणं टाळायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही भिमाबाईला त्याचं नाव का नाही विचारलंत?"



"नाव कळलं असतं तर त्याला सावध करावं लागलं असतं," ते म्हणाले. "आणि ते मी केलं नसतं."