वर्षभरात एकच घर

सांगलीच्या नगर-अर्थ प्रयोगशाळेत डॉ. शलाका घोरपडे सकाळपासून प्रतिनगरासमोर ठाण मांडून बसल्या होत्या. प्रतिनगर म्हणजे यंत्रात उभी केलेली अख्खी सांगली. गावातल्या प्रत्येक माणसाचा त्यात एक प्रतिनागरिक होता. तोच पगार, तीच काटकसर, तोच हट्टीपणा. हळदीचा भाव पडला, कर्जाचं व्याज वाढलं, की खरी माणसं जे करतील तेच ही मंडळी करत, आणि पुढचं सबंध वर्ष तासाभरात पडद्यावर उलगडे.

सरकारनं विचारलं होतं, दिवाळीपासून घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क निम्मं केलं तर बाजार हलेल का?

या उत्तरात शलाकाबाईंचा स्वतःचाही जीव अडकला होता. विश्रामबागेतलं हळबेकाकांचं तळमजल्यावरचं घर त्यांनी आईसाठी हेरून ठेवलं होतं. आईचे गुडघे कामातून गेलेले, भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. पण 'अहवाल आला की बघू' म्हणत बाईंनी तीन महिने काढले. आता काय म्हणावं या विद्वानांना!

निकाल आला. त्यांचा सहकारी इरफान मुजावर पडद्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, वर्षभरात विक्री एक."

"एक हजार?"

"नाही. एक."

"शुल्क निम्मं होऊनसुद्धा? काहीतरी चुकलंय. विचार बरं कुणाला तरी."

प्रतिनागरिकांशी बोलता येत असे. इरफाननं एका शिक्षकाच्या प्रतीला विचारलं, घर का घेत नाही? उत्तर आलं, "प्रतिनगराचा अहवाल येऊ दे की. घाई काय आहे?" किराणा दुकानदार, नर्स, निवृत्त फौजदार, सगळ्यांचं तेच पालुपद.

शलाकाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अरे, आपल्या यंत्राची बातमी खऱ्या लोकांनी पेपरात वाचलीय. म्हणजे ती प्रतींनाही माहीत असणारच. हळद, व्याज, शुल्क राहिलं बाजूला. अख्खं गाव आपल्या तोंडाकडे बघत थांबलंय."

"आणि अहवालात 'कुणी घेत नाही' असं वाचलं, की भाव उतरतील म्हणून आणखी थांबतील," इरफान म्हणाला. मग हळूच, "तुमच्या प्रतीला विचारू का?"

"नको." त्या हसल्या, पण चांगल्याच ओशाळल्या.

"मग ते एक घर घेतलं तरी कुणी?" त्यानं नोंद उघडली. "विश्रामबाग, तळमजला, मालक हळबे. विसार दिल्याची तारीख आजचीच."

प्रती करतात तेच माणसं करतात, हे शलाकाबाईंनीच दहा सभांमध्ये ठासून सांगितलं होतं. म्हणजे घर हातचं गेलं. आता आईला काय तोंड दाखवायचं?

"पितृपक्षात कोण घर घेतं?" त्या कशाबशा म्हणाल्या. "नाव बघ."

"सुभद्रा घोरपडे. वय बहात्तर." इरफाननं मान वर केली. "मॅडम, या तुमच्या आई ना?"

त्यांनी फोन लावला. "आई, कुठे आहेस?"

"हळबेंच्या अंगणात. आत्ताच विसार दिला. जिना उतरायला अर्धा तास लागला बघ."

"अगं, पण अहवाल यायचाय अजून."

"येऊ दे की. मला कुठे वाचायचाय? गुडघे माझे आहेत."

"निदान पितृपक्ष तरी संपू द्यायचास."

"शहाणीच आहेस. या दिवसांत गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून तर हळबेंनी भाव सोडला. आणि तुझे बाबा काही रागवायचे नाहीत. पुढच्या वर्षी श्राद्धाला जेवायला येतील, तेव्हा त्यांनाही तीन जिने चढायला नकोत."