बरोबरीची पाटी

कानाझावात त्या दिवशी बर्फ पडत होतं. बापाच्या दुकानातल्या गरम शेवयांचे वाडगे घेऊन कियोनो गो या काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पटखेळाच्या क्लबात शिरली, वाटेतल्या पटावर डोकावली आणि बोलून गेली, "तुमचा हा कोपरा मेलाय."

तात्सुओनं मान वर केली... आणि कोपरा राहिला बाजूला.

तो पहिल्या दानचा, ती जेमतेम नववी क्यू. या खेळात क्यूचा आकडा उतरेल तसा मान चढतो. पहिली क्यू ओलांडली की दान. दोघांत जितक्या पायऱ्या, तितके काळे दगड कच्च्यानं आधीच मांडून घ्यायचे. कियोनोला नऊ मिळाले. ती एकेक पायरी चढली तसा एकेक दगड घटला, आणि भिंतीवरची तिच्या नावाची लाकडी पाटी एकेक खिळा त्याच्या पाटीकडं सरकली.

चार दगड उरले तेव्हा त्यानं लग्नाचं विचारलं.

"उसने दगड घेऊन संसाराला बसू?" ती म्हणाली. "बरोबरीला येते, मग सांगते."

माज होता पोरीला. असावाच लागतो.

दानच्या परीक्षेला समोर तोच आला. धीर कुठला धरवतो? त्यानं मुद्दाम भलतीकडं दगड टाकला. कियोनोनं तो उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "फार घाई झालीय का नवरदेवाला?" क्लबच्या मालकीण हिराइ आजींना तिनं पाटी हलवू दिली नाही. महिनाभर तात्सुओच्या शेवयांवरची तळलेली कोळंबी बंद!

पुन्हा परीक्षा झाली तेव्हा मात्र तो जीव तोडून खेळला. तिचा एक कोपरा गिळला, मधली फळी फोडली. कियोनोनं ओठ चावले, बाह्या सावरल्या, आणि दिवेलागणीला पटावरच्या एका घराच्या फरकानं त्याला हरवलं. आजींनी घरं पुन्हा मोजली. मग तिची पाटी त्याच्या पाटीशेजारी टांगली.

आता कुणाला आधाराचे दगड नाहीत. काळे कुणाचे, ते मुठीवर ठरायचं: मुठीतले दगड सम की विषम हे ओळखलं, तर काळे आपले आणि पहिली चालही आपली. तात्सुओनं पांढऱ्या दगडांची मूठ पटावर धरली.

"सम... की विषम?"

कियोनोनं दोन काळे दगड एकमेकांना चिकटवून ठेवले. "सम. आणि तुमच्या त्या जुन्या प्रश्नाला — हो."

त्याची मूठ मिटलेलीच.

"मूठ उघड की रे," आजी करवादल्या, "पोरगी खोळंबलीय."

दगड सम निघाले. पहिली चाल कियोनोची.