मिरकरवाडा, मांडवी की नाचणे?

स्कुटी बंद पडली ती नेमकी घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी! यवतमाळला मेडिकल तपासणीसाठी निघाले होते मी. ढकलत ढकलत ती समोरच्या गॅरेजपाशी आणली. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्ताभर कापूस उडत होता आणि माझी ओढणी त्यानं भरून गेली होती.

गॅरेजवाल्यानं प्लग काढला, पुसला... आणि त्याची नजर माझ्या फाइलवर थांबली.

"रत्नागिरी?"

"हो. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली मी. पंधरा दिवसांत हजर व्हा लागते."

"मी दोन वर्षं होतो ना तिथं!" त्याचे डोळे एकदम चमकले. "मिरकरवाड्याच्या बंदरावर. बोटींचे इंजिन दुरुस्त करत होतो."

त्याचं नाव नौशाद. मला वाटलं, अल्लानंच धाडला याला! कारण मी, गझाला, समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलेली मुलगी. आणि अम्मीचा रोज एकच प्रश्न — पोरगी राहीन कुठं? एका मैत्रिणीनं रत्नागिरीतल्या तीन खोल्या सुचवल्या होत्या: एक मिरकरवाड्यात, एक मांडवीला, एक नाचण्यात. त्यातली कोणती घ्यावी, काही कळत नव्हतं.

"मिरकरवाडा कसा आहे?" मी विचारलं.

"मासोळीचा वास सहन होते का तुमाले? पहिले आठ दिवस जेवण जात नाई. मंग त्या वासाबिगर जात नाई."

मी खळखळून हसले. "अन् नाचणे?"

"शांत आहे. पण समुद्र दिसत नाई. समुद्राच्या गावाले जाऊन समुद्र नाई पाहाचा, तं घाटंजी काय वाईट आहे?"

"अन् मांडवी?"

तो थांबला. काळ्या हातानं कपाळ पुसलं, तिथं ऑइलचा पट्टा उमटला. "मांडवीची संध्याकाळ... ते सांगता नाई येत. पाहाच लागते."

दोन दिवसांनी मी ब्रेक दाखवायला गेले. मग आरसा. चौथ्या खेपेला त्यानं विचारलं, "आज काय बिघडलं?"

"हॉर्न," मी म्हणाले.

त्यानं दाबला. असा खणखणीत वाजला की शेजारचा चहावालासुद्धा दचकला! मी ओढणीत तोंड लपवलं. तो मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "लय खराब आहे. रोज आणा लागीन."

त्या दिवशी मी विचारलं, "तुमी परत काहून आले?"

"अब्बाचा पाय मोडलता. आता चालतात ते. बोटीवाले शेठ अजून बलावतात मले. पण जाले काही कारण नोतं."

'नोतं' म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी रस्त्याकडे.

निघायला चार दिवस राहिले. मी धावतच गॅरेजवर गेले. "ठरलं! मिरकरवाड्यातच खोली घेते."

"नका घेऊ!"

माझा जीव एकदम बारीक झाला. "काहून? तुमीच तं एवढं..."

"तिथं मी राहणार आहो." तो हातातल्या पान्याशी चाळा करत होता. "अन् निकाहाच्या आधी आपण एका गल्लीत राह्यलो, तं लोक काय म्हणतीन?"

"निकाह...? कोणाचा?"

"अब्बा जुम्म्याले तुमच्या घरी येतो म्हणतात. पण पहिले तुमाले विचारतो, गझाला. तुमी नाई म्हटलं तं ते येणार नाईत. मी बी इथंच राहीन."

 मी फोन काढला आणि मांडवीच्या खोलीवाल्या काकूंना लावला.

"काकू, खोली मीच घेतेय. हो, एकटीच... किती दिवस?" मी नौशादकडे पाहिलं. त्यानं श्वास रोखला होता. "सहा महिने फक्त. नंतर आम्ही दोघं मिळून दुसरी पाहू."

पाना खणकन खाली पडला.

"सहा?" तो पुटपुटला. "चार... नाई जमणार?"