मास्तरांच्या बोर्डाचा पत्ता

फोन सुनेचा होता आणि ती कुजबुजत होती.

"टेस्टरबाई, असाल तशा निघा. अण्णांनी हातोडी घेतलीय. बोर्ड तरी फोडतील, नाहीतर स्वतःचा हात तरी."

"कुठला हात?"

"उजवा. ज्यात जीव नाही तो."

टेस्टरबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधण्यात गेली होती. निवृत्त झाल्या तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तोंड फटकळ, नजर त्याहून फटकळ. लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावता लावता नवऱ्याला म्हणाल्या, "जेवून घ्या, माझी वाट बघू नका," आणि भर दुपारच्या उन्हात चालू लागल्या.

मागच्या खोलीत मास्तर खुर्चीत बसले होते. तंत्रशाळेत त्यांनी पोरांच्या कितीतरी पिढ्यांना सोल्डरिंग शिकवलं, आणि रडवलंही तितकंच. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता डाव्या हातात हातोडी होती, आणि समोर तळहाताएवढा सर्किट-बोर्ड. त्यावर लाल दिवा.

"हातोडी खाली ठेवा, मास्तर. शोभत नाही."

"तुम्हाला कोणी बोलावलं?"

"मी," सून दारातून म्हणाली. ती जागची हलली नाही.

बोर्ड मास्तरांनी घरीच बनवला होता. तांब्याच्या पत्र्यावर रेषा काढून, रसायनात कोरून, सोल्डरचा एकेक टाका डाव्या हाताने घालून. काम एकच: उपग्रहांकडून अचूक वेळ घ्यायची आणि दर सेकंदाला एक ठोका द्यायचा. उपग्रह पकडीत असले की हिरवा दिवा, सुटले की लाल.

पण त्या दिव्यावर मास्तरांचं घर टांगलेलं होतं. मुलगा म्हणत होता, अण्णांना आता वृद्धाश्रमात ठेवू, आमच्याच्याने होत नाही. मास्तर म्हणाले, ठरलं तर मग. हा बोर्ड मी एकट्याने बनवतो. बिघाड आला तर मीच शोधीन. महिनाअखेरच्या रविवारच्या आत हिरवा दिवा टिकला तर मी इथेच मरणार. नाही टिकला तर हूं की चूं न करता गाडीत बसेन.

उद्या तो रविवार होता. गाडी सांगून झाली होती.

"हिरवा कधी लागलाच नाही?" टेस्टरबाईंनी विचारलं.

"लागला ना! पहिल्याच दिवशी लागला. दिवसभर टिकला. मग तपासणीसाठी मला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. परत येऊन चालू केला, तर थोडा वेळ हिरवा आणि मग लाल. बंद करून चालू करा, पुन्हा तेच. सगळे टाके काढून परत घातले. सप्लाय बदलला. अँटेनाची वायर बदलली. लाल तो लालच." त्यांचा ओठ एका बाजूला ओढला गेला. "हाताचं राहू द्या हो, डोकंच गेलं असणार माझं."

"काहीतरीच बोलू नका. बघू द्या."

मास्तरांनी हातोडी खाली ठेवली. मग त्यांनी बोर्ड डाव्या हाताने पुढे सरकवला. "घ्या. दिला तुमच्या हातात."

बाईंनी भिंग लावलं. टाके ओबडधोबड होते, पण एकही कच्चा नव्हता. मीटर लावला. व्होल्टेज जिथल्या तिथे. अँटेना खिडकीबाहेर गजाला पक्की बांधलेली, वर मोकळं आभाळ. तांब्यात कुठे तडा नाही. तासभर बाई गप्प होत्या, आणि त्या गप्प बसल्या की समजावं, काहीतरी त्यांना खटकलंय.

मग त्यांनी लॅपटॉप जोडला, दोन आज्ञा दिल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. बोर्डावरच्या, उपग्रहांचे संकेत पकडणाऱ्या रिसीव्हरला त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: बाबा रे, तू कुठे आहेस असं तुला वाटतं?

उत्तर आलं. बाईंनी ते कोणालाही दाखवलं नाही.

"मास्तर दवाखान्यात असताना हा बोर्ड कुठे होता?" बाहेरच्या खोलीत येऊन त्यांनी मुलाला विचारलं.

"टेबलावर. कपडा टाकून ठेवलेला." मुलगा वैतागलेलाच होता. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून त्याचे डोळे लाल झाले होते. "आणि माझ्याकडे असं बघू नका. अण्णा जावेत असं मला वाटतं, ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. चोरून काही करायची मला गरज नाही."

"तू कुठे होतास?"

"दवाखान्यात, त्यांच्या उशाशी. दोन्ही रात्री. विचारा हिला."

"आणि तू गं?"

"मीही दवाखान्यातच, डबे पोचवत," सून म्हणाली. "घर सांभाळायला ताई येऊन गेल्या."

ताई म्हणजे मास्तरांची लेक. लाडकी की काय ते घरात कोणाला सांगता आलं नसतं, पण आजारपणात तिने बापासाठी जीव टाकला होता. बोर्डाचं सामान तीच आणून द्यायची. ती राहते त्या इमारतीतच तळमजल्यावर इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, त्यामुळे सोपं जायचं. दर गुरुवारी येऊन मास्तरांशेजारी स्टूल टाकून बसायची. टाका बिघडला की मायेने म्हणायची, "होईल हो अण्णा. परत करून बघा."

बाईंनी तिला फोन लावला.

"ताई, तू घर सांभाळलंस तेव्हा बोर्डाला हात लावलास?"

"छे हो, मावशी! त्या टेबलाला हात लावायची कोणाची छाती आहे? लांबूनच झाडून घेतलं."

"हलवलाही नाहीस?"

"नाही म्हटलं ना. का? सापडला का बिघाड?"

"सापडेल. संध्याकाळी ये तू."

फोन ठेवून बाई रिक्षाने गेल्या त्या थेट दुकानात.

दुकानदार एकेकाळचा मास्तरांचा विद्यार्थी. शेल्फांवर खोकी, काउंटरवर धूळ, आणि दारापुढे लांबलचक पत्र्याची शेड. मास्तरांचं नाव काढताच तो अजूनही ताठ उभा राहिला.

"रिसीव्हर तुझ्याकडचा?"

"हो. सीलबंद दिला. सरांना फोडलेलं पाकीट दिलं असतं तर त्यांनी ते माझ्या डोक्यात घातलं असतं."

"दुकानात चालू करून नाही बघितलास?"

"कसा बघणार? वर पत्रा! उपग्रह काय डोंबल दिसणार इथून? आणि गच्चीला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरीकडे. ते महाराज बाहेरगावी जाऊन महिना झाला."

बाई रस्त्यावर आल्या. पिशवीतून स्वतःचा छोटा रिसीव्हर काढून मोकळ्या जागी धरला, थांबल्या, आकडा बघितला. मग मान वर करून इमारतीच्या बाल्कन्यांकडे बघत राहिल्या. त्यांना बरं वाटलं नाही. पण बरं वाटावं म्हणून त्या कधी काम करत नसत.

संध्याकाळी मागच्या खोलीत सगळे जमले. मास्तर खुर्चीत, मुलगा दाराला टेकून, सून कपाटापाशी. ताई नेहमीच्या स्टुलावर, बापाच्या उजव्या हाताशी.

"बोर्डात बिघाड नाही," बाई म्हणाल्या. "टाके ठीक आहेत, मास्तर. तुमचं डोकंही ठीक आहे. या रिसीव्हरला कोणीतरी खोटं शिकवलंय."

"म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"हा वेळेचा रिसीव्हर आहे. याला आधी एका जागी बसवून सांगावं लागतं, बस इथे आणि तुझी जागा मोजून घे. तो मोजतो, लक्षात ठेवतो. वीज गेली तरी विसरत नाही. त्यानंतर तो 'मी कुठे आहे' हे विचारायचं सोडून देतो. जागा पक्की धरून फक्त वेळ काढतो. मास्तरांनी पहिल्या दिवशी हे इथे केलं, म्हणून हिरवा लागला. बरोबर?"

मास्तरांनी मान हलवली. ते आता बाईंकडे बघत नव्हते. पुढचं त्यांना कळून चुकलं होतं.

"मग समजा, कोणी याला गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, तिथे जागा मोजायला लावली आणि गुपचूप परत आणून ठेवलं. हा इथे बसून समजतो की मी तिथे आहे. उपग्रहांची अंतरं काही केल्या जुळत नाहीत. तो म्हणतो, हा उपग्रह खोटारडा, तो खोटारडा, आणि एकेकाला काढून टाकतो. शेवटी कोणीच उरत नाही, की लाल दिवा. टाके जन्मभर काढले आणि घातले तरी लालच."

"आकडे कोणी घरी बसूनही भरू शकतं," मुलगा म्हणाला, आणि आपण स्वतःच्याच गळ्यात फास अडकवतोय हे लक्षात येऊन चपापला.

"भरू शकतं, आणि पहिला संशय तुझ्यावरच आला होता. पण हातानं भरलेल्या जागेला हा तशी खूण ठेवतो. इथे खूण आहे ती स्वतः मोजल्याची. म्हणजे बोर्ड खरोखर तिथे नेला होता. आणि तेव्हा तू दवाखान्यात बसला होतास."

"तिथे म्हणजे कुठे?" सुनेने विचारलं.

"दुकानाच्या इमारतीत."

"दुकानदार!" मुलगा ओरडला.

"मलाही तसंच वाटलं, आणि हायसं वाटलं. पण हा नुसती जागा मोजत नाही, उंचीही मोजतो. ती उंची रस्त्यापेक्षा दहाएक मीटर वर आहे. दुकान तळाला आणि पत्र्याखाली. गच्ची खूप वर आणि कुलपात. दहा मीटरवर काय आहे? तिसऱ्या मजल्याची बाल्कनी." बाई स्टुलाकडे वळल्या. "ताई, तुझी बाल्कनी."

ताईने पदराने चेहरा पुसला. आणि मग ती चक्क हसली.

"नऊ वर्षांची होते मी, मावशी. याच टेबलाशी अण्णा मला सोल्डरिंग शिकवायचे. एक टाका कच्चा निघाला की सगळे टाके उखडायचे आणि म्हणायचे, परत कर. बोटं भाजली तरी परत कर. शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी माझा बोर्ड खिडकीतून गटारात फेकला. एक टाका फिका होता म्हणून! मी रिकाम्या हाताने शाळेत गेले. एकदा, आयुष्यात एकदा तरी बरं झालंय म्हणाले असते!"

"म्हणून तू अण्णांना घराबाहेर काढणार होतीस?" सून म्हणाली.

"घराशी मला काय करायचंय? ते जावेत असंही नव्हतं मनात. त्यांनी फक्त परत करावं, एवढंच हवं होतं. परत, आणि परत. गुरुवारी इथे बसून मी बघायचे. हात थरथरायचा, घाम यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायचे, परत करून बघा, अण्णा. झोप छान लागायची मला त्या रात्री. खोटं कशाला सांगू?"

मुलगा पुढे झाला. "नालायक! आजारी माणसाशी..."

"तू थांब," मास्तर म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने बोर्ड जवळ ओढला. उलटा केला, सुलटा केला.

"मी टाके बघितले. सप्लाय बघितला. वायर बघितली. जागा तेवढी नाही बघितली. का? तर ती मीच मोजून दिली होती. माझं चुकेल कसं!" त्यांनी लेकीकडे मान वळवली. "ते तू ओळखलंस. जिथे मी बघणारच नाही, नेमका तिथेच बिघाड घातलास. कुठे ओरखडा नाही, की डाग नाही. इतके दिवस मला सापडला नाही. काम चोख केलंस."

ताई स्टुलावरून उठली आणि मागे भिंतीला जाऊन आदळली.

"असं म्हणू नका, अण्णा. मारा मला. थोबाडीत द्या. पण हे नका म्हणू."

"चोख ते चोख. खोटं मी कधी बोललो नाही."

"झालं ते झालं," मुलगा घाईघाईने म्हणाला. त्याच्या तोंडावर लाज स्पष्ट दिसत होती. "अण्णा, लबाडीत कसली पैज? मी उद्याची गाडी नको म्हणून कळवतो. तुम्ही कुठेही जायचं नाही."

"ठरलं काय होतं? बिघाड मी शोधायचा. कोणी शोधला?"

मुलाने बाईंकडे बघितलं.

"मी बोर्ड बाईंच्या हातात दिला, तेव्हाच संपलं ते."

"अहो, पण मी तुमच्यासाठी फोन केला होता!" सून रडायलाच लागली. "तुम्ही राहावं म्हणून केला होता हो!"

"ठाऊक आहे. म्हणून तुलाच सांगतो. कपडे भर माझे. स्वेटरही घाल, तिथे थंडी असेल."

टेस्टरबाईंनी वायर गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि कोणाचा निरोप न घेता पायऱ्या उतरल्या.

रविवारी गाडी आली. मुलगा बॅग ठेवायला खाली गेला होता. ताई रात्रभर घरी गेलीच नव्हती, ती दारात आडवी बसली होती. मास्तर काठी टेकत आले आणि तिच्यापाशी थांबले.

"सरक."

ती सरकली नाही.

त्यांनी डावा पाय तिच्या पलीकडे, उंबऱ्याबाहेर टाकला. उजवा उचलेना. त्यांनी जोर केला, काठी थरथरली, पाय होता तिथेच. ना त्यांनी कोणाला हाक मारली, ना खाली बघितलं. सून धावत आली, त्यांनी तिला मान हलवून अडवलं.

शेवटी ताईनेच तो पाय दोन्ही हातांनी उचलला आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवला.