चिमणीची वीज कुठे अडली?

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी नलूआत्याच्या चिमणीने दगा दिला. चिमणी म्हणजे तिची छोटी, पिवळी, म्हातारी मोटार. आतला दिवा लख्ख लागायचा, रेडिओ गायचा, पण किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं आणि सगळं गप्प. किल्ली सोडली की दिवा पुन्हा हजर. आता सांगा, बॅटरीत वीज होती की नव्हती?

जुन्या गाड्या तपासणारा यंत्रमानव भंगाराचा ट्रक घेऊनच आला होता. "बॅटरी उत्तम. स्टार्टर (इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर) उत्तम. तरी गाडी चालू होत नाही. कारण : वय. गाडी भंगारात."

"वय हा काय बिघाड झाला?" शलाका तडकली.

तडकणारच. तिची आत्या गुरांची डॉक्टर. डोंगरापलीकडच्या कोंडवाडीत एक म्हैस विताना अडली होती आणि आपोआप धावणाऱ्या नव्या गाड्या, नकाशात रस्ता नाही म्हणून, तिकडे जायला तयार नव्हत्या. चिमणी भंगारात गेली तर म्हैसही जाणार होती आणि रेडकूही. शलाकाने चिमणीपुढे फतकल मारली. "आधी मला चढव ट्रकात."

"हट्ट पुरे, डोकं चालव," आत्या बॉनेट उघडत म्हणाली. "रहाट आठव. भरलेली गाडगी वर येतात, पण कधी?"

"रिकामी खाली गेली तरच."

"विजेचंही तसंच. तिला परिपथ (जायची आणि परत यायची अखंड वाट) लागतो. बॅटरीतून दिव्याकडे, मोटरकडे ती तारांतून जाते. परत कशातून येते?"

शलाकाने वाकून पाहिलं. परतीच्या तारा दिसेनात. "पत्र्यातून? पत्रा लोखंडाचा आहे, वीज वाहतो. आणि पत्र्यातून बॅटरीत आणते ही जाड काळी तार." तिने जीभ चावली. दसऱ्याच्या पूजेसाठी चिमणीला तिनेच रंगवलं होतं. काम चोख हवं म्हणून तिने या तारेचा बोल्ट सोडून त्याखालीही दोन हात दिले होते. "आत्या, रंग विद्युतरोधक (वीज अडवणारा) असतो ना? मग परतीची वाट मीच लिंपली की."

"मग दिवा कसा लागतो?" यंत्रमानवाने विचारलं.

"बोल्टच्या आट्यांतून थोडी वीज झिरपते. दिव्याला तेवढी पुरते. स्टार्टरला धो धो लागते, ती तिथे अडते. बघायचंय?"

तिने एका सुट्या जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. आत्याने किल्ली फिरवली. चिमणी खोकली आणि धडधडू लागली.

गाडी बंद करून शलाकाने पॉलिश पेपरने बोल्टखालचा रंग खरवडला, लोखंड चकाकेपर्यंत. बोल्ट आवळला. या वेळी केबलशिवाय, पहिल्याच किल्लीला चिमणी सुरू झाली आणि आत्या कोंडवाडीच्या वाटेला लागली.

"कारण बदलतो," यंत्रमानव म्हणाला. "वय नाही, रंग. उद्यापासून परतीची वाटही तपासीन."

"उद्यापासून का? तुमच्या आवारात वयाच्या नावाखाली आणलेल्या गाड्या उभ्या आहेत ना अजून?" शलाका पॉलिश पेपर खिशात कोंबून रिकाम्या ट्रकात चढून बसली. "चल, त्या चिरडायच्या आत बघू."

ट्रक आवाराकडे वळला, तेवढ्यात कोंडवाडीहून आत्याचा निरोप आला. रेडकू उभं राहिलं होतं.